प्रार्थनेत काहीच वाटत नाही, मग माझा विश्वास खोटा होता का?

जय ख्रिस्त ताई. प्रश्न नीट वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय ते. तारण झालं, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवलात, तेव्हा सुरुवातीला प्रार्थनेला बसलं की तुमचे डोळे भरून यायचे, वचन, म्हणजे बायबल, उघडलं की प्रत्येक ओळ आपल्यालाच लिहिली आहे असं वाटायचं, आणि आता वर्षभर सगळं कोरडं पडलंय. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाणी तुम्हीच घेता, गाताना आत काहीच हलत नाही, म्हणून आपण ढोंग करतोय असं वाटतं. त्यात एक बहीण म्हणते मनाला शांती वाटेल तिकडे जा, तोच देवाचा आवाज. आणि मंडळीचा कारभार बघणारे एक वडील म्हणतात भावना म्हणजे देह, आपला जुना स्वभाव, तिकडे लक्षच द्यायचं नाही, वचन धरून चाल. यातलं खरं कोणाचं?

माझ्या मते पूर्ण खरं दोघांचंही नाही, पण वडील उत्तराच्या जास्त जवळ आहेत, फक्त त्यांनी ते अर्धवट सांगितलं. पाळकाचं काम करून बरीच वर्षं झाली आणि लोक माझ्याकडे जे घेऊन येतात त्यातलं कितीतरी याच गोंधळातून आलेलं असतं. मला जे समजलंय ते असं, की तुमची भावना तुमच्याबद्दल काहीतरी खरं सांगत असते, देवाबद्दल खरं सांगेलच असं नाही. दारावरची बेल वाजते तसं आहे ते. कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण आलंय ते दार उघडून बघावं लागतं, आणि आपण बेलच्या आवाजावरूनच ठरवून टाकतो की नक्की पोलीस आलेत.

एलीया संदेष्ट्याचं बघा, १ राजे १९ वा अध्याय. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलाय, आणि लगेच ईजबेल राणीची धमकी येते आणि हा माणूस रानात पळून जाऊन एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं प्रभू, माझा जीव घे. पुढे होरेब डोंगरावर देव विचारतो तू इथे काय करतोयस, तर म्हणतो मी एकटाच उरलोय. देव परत विचारतो आणि तो शब्द न बदलता तेच उत्तर परत देतो. आता गंमत अशी की थोड्याच दिवसांपूर्वी राजवाड्याचा कारभारी ओबद्यानं त्याला स्वतः सांगितलं होतं की मी परमेश्वराचे शंभर संदेष्टे गुहांमध्ये लपवून ठेवलेत (१ राजे १८:१३). म्हणजे माहिती होती त्याच्याकडे, कानांनी ऐकलेली होती. पण खचलेल्या माणसाला माहिती आठवत नाही, त्याला फक्त वाटतं. देव शेवटी आकडाच सांगतो, इस्राएलात बाल या दैवतापुढे गुडघा न टेकलेले सात हजार आहेत. एकटेपणा खरा होता, एलीया काही नाटक करत नव्हता, पण "एकटाच उरलोय" हे चूक होतं.

आणि हेही बघा की देवानं बोलायला सुरुवात कधी केली. आधी झोप, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, परत झोप, परत खाणं. त्यात एक शब्दाचा उपदेश नाही. देवदूत फक्त म्हणतो ऊठ, खा, पुढचा रस्ता तुला झेपणार नाही. म्हणून कोणी माझ्याकडे "देव दूर गेलाय" म्हणून आलं की मी आधी झोप कशी आहे, जेवण होतं का, तब्येतीचं काय, घरात कोण आजारी आहे हे विचारतो. काही लोकांना ते अध्यात्मिक वाटत नाही. नसू दे.

आता त्या बहिणीच्या सल्ल्याकडे येतो, कारण तो सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात जास्त घोळही त्यानंच होतात. मनाला शांती वाटते म्हणजे देवाची इच्छा, अस्वस्थ वाटतं म्हणजे देवाचा नकार. हा नियम लावून योनाचा पहिला अध्याय वाचून बघा. देवानं निनवेला जा सांगितलंय, हा उलट्या दिशेच्या जहाजात बसलाय, समुद्र खवळलाय, खलाशी घाबरून आपापल्या देवांचा धावा करतायत, माल समुद्रात फेकतायत, आणि योना खाली जाऊन गाढ झोपलाय. त्या जहाजावर सगळ्यात शांत माणूस तोच, आणि आज्ञा मोडून पळणाराही तोच. आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशू म्हणतो माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भुईवर पडत होता. पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध उभा होता तो तेव्हा. शांतीवरून मार्ग ओळखायचा म्हटलं तर योना बरोबर ठरतो, आणि येशूला कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं की प्रभू तुला शांती नाहीये म्हणजे हा मार्ग पित्याचा नसेल.

एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, सख्ख्या भावाशी वाद झाला होता, जमिनीवरून. म्हणाले पाळकसाहेब मी ठरवलंय, यापुढे त्याचं तोंड बघायचं नाही, आणि या निर्णयाबद्दल मला पूर्ण शांती आहे, खूप प्रार्थना केली मी. मी म्हटलं शांती असेल हो, रोजची भांडणं बंद झाली, फोन बंद झाले, कोणालाही बरंच वाटेल. सुटका झाली की छातीवरचं ओझं उतरतं आणि आतून ते अगदी शांतीसारखंच लागतं, फरक करता येत नाही. मग मत्तय ५:२३-२४ उघडलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले हे वाचल्यापासून शांती गेली. मी म्हटलं बरं झालं.

आणि या सल्ल्यासाठी जे वचन पुढे करतात, कलस्सैकर ३:१५, ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, ते एकदा आजूबाजूच्या ओळींसकट वाचा ना. वर काय चाललंय, एकमेकांचं सहन करा, क्षमा करा, प्रीती धारण करा. आणि त्याच वचनात पुढे आहे की या शांतीसाठीच तुम्हाला एक शरीर असं पाचारण झालंय. म्हणजे विषय मंडळीतल्या माणसांनी एकमेकांशी कसं राहावं हा आहे, नोकरी कुठली धरू किंवा घर कुठे घेऊ याचा तिथे संबंधच नाही.

मग वडिलांचं बरोबर का, भावना बाजूलाच टाकायच्या? तसंही नाही, कारण तसं केलं तर स्तोत्रसंहिताच फाडून टाकावी लागेल. १३ वं स्तोत्र सहा वचनांचं आहे आणि त्यात "किती वेळ" हा प्रश्न सुरुवातीलाच परत परत येतो, मला कायमचा विसरणार का असं तोंडावर विचारलंय देवाला. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शास्त्रावर विश्वास ठेवायचा म्हणजे हेही शास्त्रच आहे. प्रेषित पौलाचं बघा, फिलिप्पैकरांस लिहिताना "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" म्हणतो, हे वचन आपण भिंतीवर लावतो, पण त्याच पत्रात दोन अध्याय आधी लिहिलंय की माझा सोबती एपफ्रदीत मरायला टेकला होता, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. तेव्हा ज्याच्या घरात नुकतं कोणी गेलंय त्याला जाऊन आनंद करा सांगणाऱ्यांनी ते पत्र अख्खं वाचलेलं नसतं, असं मी समजतो.

भावनेचं करायचं काय ते ७३ व्या स्तोत्रात ते लिहिणारा आसाफ फार चांगलं दाखवतो, म्हणून यावर जरा थांबतो. सुरुवातीलाच सांगतो की माझा पाय घसरणारच होता. का, तर दुष्टांची भरभराट बघून हेवा वाटला. मग कितीतरी ओळी तो हेच बोलतो, त्यांना काही त्रास नाही, अंगानं धष्टपुष्ट आहेत, माणसं त्यांच्याच मागे जातात. १३ व्या वचनात तर म्हणतो मी मन शुद्ध ठेवलं ते फुकटच गेलं. हे कोणी मंडळीत साक्ष द्यायला उभं राहून बोललं तर आपण माईक काढून घेऊ. पण १५ वं वचन बघा, मी असं सगळ्यांसमोर बोललो असतो तर तुझ्या लेकरांचा विश्वासघात झाला असता. म्हणजे दाबलंही नाही आणि गावभर केलंही नाही, देवासमोर ठेवलं. मग १७ व्या वचनात तो पवित्रस्थानात जातो आणि त्याला त्यांचा शेवट दिसतो. बाहेर काहीच बदललेलं नाहीये, दुष्ट अजून तितकेच धष्टपुष्ट आहेत. आणि मग २३ वं वचन, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा उजवा हात धरलायस. हात कोणी धरलाय ते बघा. आसाफानं देवाचा धरलाय असं लिहिलेलं नाही.

यावरून मी लोकांना एक करायला सांगतो, वहीत करा, मनातल्या मनात होत नाही. मनात येणारं वाक्य जसं आहे तसं लिहायचं. तुमचंच घ्या, "देवानं मला सोडलंय". आता याचे दोन तुकडे करायचे. पहिला, मला सोडून दिल्यासारखं वाटतंय, प्रार्थनेत कोणी ऐकतंय असं वाटत नाही. हे तुमच्याबद्दल आहे आणि खरं आहे, यावर वाद घालायचा नाही, हे जसंच्या तसं देवाला सांगायचं, त्यासाठी शब्द सुचत नसतील तर १३ वं स्तोत्र मोठ्यानं वाचायचं. दुसरा तुकडा, देवानं सोडलं. हे देवाबद्दल आहे, म्हणून हे त्याच्या वचनाला विचारायचं, इब्री १३:५, मी तुला सोडून जाणार नाही, तुला टाकणार नाही. ते वाचल्यावर लगेच बरं वाटेल असं नाही हं. बऱ्याचदा नाही वाटत. पहिला तुकडा तसाच राहतो आणि दुसरा खोडला जातो, त्या दिवशी एवढं पुरे असतं. ४२ व्या स्तोत्रात माणूस स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर, आणि पुढच्याच वचनात कबूल करतो की माझा जीव खिन्न आहे. परत त्याच स्तोत्रात शेवटी आणि ४३ मध्येही तेच बोलतो. एकदा बोलून भागलं नाही त्याचं.

तुमच्या मूळ प्रश्नाला येतो, म्हणजे सुरुवातीचं ते सगळं खोटं होतं का. जॉन वेस्लीचं नाव ऐकलं असेल, मेथडिस्ट चळवळ त्याच्यापासून सुरू झाली. २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटवर एका सभेत तो काहीसा अनिच्छेनंच गेला, तिथे रोमकरांस पत्राची लूथरनं लिहिलेली प्रस्तावना वाचत होते, आणि त्याला वाटलं की आपलं हृदय विलक्षण उबदार झालंय. हे सगळे सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही. त्याच दिवसाच्या नोंदीत त्यानं लिहिलंय की थोड्याच वेळात मनात शंका आली, हा विश्वास असूच शकत नाही, कारण तुझा आनंद कुठे आहे? तेव्हा त्याला कळलं की उचंबळून येणारा आनंद देव कधी देतो, कधी देत नाही, ते त्याच्या मर्जीवर आहे. आणि जानेवारी १७३९ मध्ये तर डायरीत चक्क लिहितो की मी आत्ता ख्रिस्ती नाही! यानंतर हा माणूस १७९१ मध्ये मरेपर्यंत गावोगाव फिरून सुवार्ता सांगत राहिला. विल्यम कूपर म्हणून त्याच शतकातला इंग्लिश कवी होता, जॉन न्यूटनचा मित्र, त्याची भक्तिगीतं आजही चर्चमध्ये म्हणतात. त्याला पुन्हापुन्हा भयंकर नैराश्य यायचं आणि देवानं आपल्याला कायमचं टाकलंय हे त्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही, १८०० मध्ये वारला. त्याला काय वाटत होतं त्यावर त्याचं तारण ठरलं असं मी तरी म्हणणार नाही.

तारणाचा आधार तुमच्या बाहेर आहे ताई. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे तुम्हाला सोमवारी काय वाटतं त्यानं बदलत नाही. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य चालले होते तेव्हा उदास होते, आम्ही अशी आशा धरली होती की हाच इस्राएलाला सोडवील, असं म्हणत होते, आणि उठलेला ख्रिस्त तेव्हा त्यांच्या शेजारून चालत होता. त्यानं ओळख दिली नाही लगेच. आधी मोशेपासून सुरू करून शास्त्र उलगडलं, आणि अंतःकरण आतून पेटत होतं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

दोषभावनेबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, कदाचित एखादं पाप राहिलं असेल म्हणून कोरडं पडलं असेल. असू शकतं, तपासून बघा. पण पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा नेमकं दाखवतो. दावीद राजानं उरीयाला मारवून त्याची बायको घेतली होती. नाथान संदेष्ट्यानं दावीदाला "तो मनुष्य तूच आहेस" म्हटलं तेव्हा उरीयाचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, तलवारीचं घेतलं, आणि दावीदानं कबूल केल्याबरोबर सांगितलं की परमेश्वरानं तुझं पाप दूर केलंय. नाव घेता येईल असं काही सापडलं तर कबूल करा, कोणाचं काही देणं लागत असाल तर देऊन टाका. पण महिनोन्महिने नुसतं धुकं, मी वाईट आहे, मी पुरेशी नाही, आणि कबूल करायला हातात काहीच येत नाही, तर १ योहान ३:२० वाचा, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. त्यानंतर शोधत बसू नका.

आता वचन धरून चालायचं म्हणणाऱ्यांना पण दोन शब्द. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, ही पण भावनाच आहे, फक्त बोटात उतरलेली. सैतानानं येशूला ९१ वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं मंदिराच्या शिखरावर, आणि येशूनं उत्तर दिलं "असंही लिहिलं आहे". एका वचनासमोर दुसरं ठेवायचं म्हणजे दोन्ही माहीत हवीत, त्यासाठी सलग वाचन लागतं, एक पुस्तक धरून अध्यायामागून अध्याय. यिर्मया २९:११ आपण सगळ्यांच्या वाढदिवसाला पाठवतो, हिताचे संकल्प वगैरे, पण त्याच्या वरचंच वचन सांगतं की बाबेलात सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयानं लिहिलेलं ते पत्र ज्यांनी ऐकलं त्यातले बरेच जण परत जायच्या आधीच मेले असणार. वचन खोटं नाहीये, फार मोठं आहे, पण ते येत्या महिन्यातल्या इंटरव्ह्यूबद्दल नाही.

आणि जिथे शास्त्र काही सांगत नाही तिथे उगाच देवाचा आवाज शोधत बसू नका. खोटं बोलू का, याला उत्तर लिहिलेलं आहे. दोन चांगल्या कामांतलं कुठलं घेऊ, याला नाही, तिथे अक्कल वापरा, जाणत्यांना विचारा, आणि हो, आवड पण बघा. विधवेबद्दल पौल लिहितो, तिची इच्छा असेल त्याच्याशी तिनं लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये (१ करिंथकर ७:३९). कुंपण शास्त्रानं घातलं आणि आत इच्छेला मोकळं सोडलं.

दोन ठिकाणी मात्र भावनेची बेल वाजली की थांबायचंच. घरात कोणी मारहाण करत असेल, किंवा मंडळीतलाच कोणी अधिकारी वचन दाखवून घाबरवत असेल, तर "भावनांवर जाऊ नको, अधीन राहा" असं सांगणं पाप आहे असं मी स्पष्ट म्हणतो. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला आणि पळाला, तो अभिषिक्त राजावर हात टाकायला तयार नव्हता, पण भाल्यासमोर बसूनही राहिला नाही. आणि दुसरं, कोरडेपणा फक्त प्रार्थनेतच आहे की सगळीकडेच, हे बघा. झोप उडालीये, कशातच मन लागत नाही, रडू आवरत नाही, नाहीतर जगूच नये असं वाटतं, तर आजच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. डिप्रेशनवर औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही.

राहिलं गाण्याचं. आत काही वाटत नसताना गाणं म्हणजे ढोंग का? आपल्याला खूप वाटतंय असं दाखवलं तर ढोंग, म्हणजे मुद्दाम डोळे मिटून चेहरा तसा करायचा, आवाज कापरा करायचा, ते तेवढं सोडून द्या. ओळी खऱ्या आहेत ना, मग साध्या आवाजात म्हणा, समोर बसलेल्या कोणाला तरी त्याच ओळी ऐकायच्या असतील. मंडळीतल्या एका दोघींना खरं काय ते सांगून ठेवा, त्या तुमच्यासाठी प्रार्थना करतील आणि तुम्हाला जमणार नाही त्या रविवारी गाणी त्या घेतील. आणि गाणी निवडणं तुमच्याच हातात आहे तर सगळी उड्या मारायचीच कशाला निवडता, एखाद्या रविवारी ४२ वं स्तोत्र घ्या. नक्की कोणीतरी नंतर येऊन म्हणेल की आज बरं वाटलं, मला वाटायचं मी एकटीच आहे.